संघाची कामगिरी, खेळाडूंची भरती आणि तिकीटविक्री : कोल्हापूरच्या मैदानांच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

महाराष्ट्रात क्रीडाविषयक लेखनाचा भर प्रामुख्याने शारीरिक शिक्षण, क्रीडा इतिहास आणि खेळाडूंची चरित्रे यांवर राहिला आहे. मैदानाच्या दारात विकले जाणारे तिकीट हा मात्र अर्थशास्त्राचा, समाजशास्त्राचा आणि काही अंशी मानसशास्त्राचाही विषय असून त्याकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही. प्रेक्षक तिकीट का काढतो? संघ जिंकतो म्हणून, संघात एखादा नामांकित खेळाडू आला म्हणून, की समोर उभा ठाकलेला प्रतिस्पर्धी पाहण्याजोगा आहे म्हणून? या प्रश्नाची सर्वाधिक चिकित्सा अमेरिकेत बेसबॉलच्या निमित्ताने झाली. त्या खेळात एकेका संघाला एका हंगामात स्वतःच्या मैदानावर ८१ सामने खेळावे लागतात, प्रत्येक सामन्याच्या प्रेक्षकसंख्येची नोंद होते आणि ही नोंद शंभराहून अधिक वर्षांची उपलब्ध आहे. साहजिकच संख्याशास्त्रज्ञांना त्यात उत्तम सामग्री मिळाली.

कोल्हापूर शहराला हा प्रश्न परका नाही. खासबाग मैदानावरील कुस्ती आणि राजर्षी शाहू स्टेडियमवरील फुटबॉल या दोन्ही खेळांना येथे तिकीट काढून येणारा प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या लाभला आहे. प्रस्तुत लेखात बेसबॉलच्या अभ्यासातून पुढे आलेल्या कल्पना कोल्हापूरच्या या दोन मैदानांना कितपत लागू पडतात याचे विवेचन केले आहे. सर्वच कल्पना जशाच्या तशा लागू पडत नाहीत आणि जेथे त्या लागू पडत नाहीत तो भागच अधिक उद्बोधक आहे.

बेसबॉलच्या अनुभवातून पुढे आलेले मुद्दे

खेळाडूंच्या श्रमबाजाराचा पहिला महत्त्वाचा अर्थशास्त्रीय विचार सायमन रॉटनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्याच संदर्भात मांडला. निकालाची अनिश्चितता हे प्रेक्षकाच्या मागणीचे एक मूलभूत कारण आहे, हा त्यांच्या मांडणीतील गाभ्याचा मुद्दा होय. १९६४ मध्ये वॉल्टर नील यांनी तो पुढे नेला. व्यापारात प्रतिस्पर्धी दुबळा झाला की दुकानदाराचा फायदा होतो. खेळात प्रतिस्पर्धी दुबळा झाला की विकायला मालच उरत नाही. मुष्टियोद्धा जो लुईस याला मॅक्स श्मेलिंगसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी असणे हेच त्याच्या उत्पन्नाचे कारण होते, असे उदाहरण नील यांनी दिले. पुढे १९७४ मध्ये जेराल्ड स्कली यांनी संघाच्या विजयाचे प्रमाण आणि संघाचे उत्पन्न यांतील संबंध आकडेवारीने मोजला, आणि प्रत्येक खेळाडूचा विजयात किती वाटा आहे हे काढून त्याला मिळणारे वेतन त्याच्या उत्पादकतेच्या मानाने किती अल्प आहे हे दाखवून दिले. त्या काळी खेळाडूला संघ बदलण्याचे स्वातंत्र्य नव्हते. ते डिसेंबर १९७५ मधील लवादाच्या निर्णयानंतर मिळू लागले.

कामगिरी आणि भरती हे दोन घटक एकमेकांत इतके गुंतलेले असतात की ते वेगळे करणे अवघड जाते. चांगला खेळाडू आल्याने संघ जिंकू लागतो, आणि मग प्रेक्षक खेळाडूसाठी आले की विजयासाठी, हे कळत नाही. या दृष्टीने बेब रूथ याचे उदाहरण अभ्यासण्यासारखे आहे. बोस्टनच्या मालकाने डिसेंबर १९१९ मध्ये त्याला सुमारे एक लाख डॉलरला न्यूयॉर्क यांकीज संघाला विकले. १९१९ मध्ये यांकीज संघ तिसऱ्या क्रमांकावर होता. रूथ आल्यानंतर १९२० मध्येही तो तिसऱ्याच क्रमांकावर राहिला. मात्र प्रेक्षकसंख्या ६,१९,१६४ वरून १२,८९,४२२ वर गेली. क्रमांक तोच आणि प्रेक्षक दुप्पट, यावरून सारे श्रेय रूथच्या ५४ होमरनला द्यावेसे वाटते. परंतु येथेच सावध राहणे आवश्यक आहे. १९१९ चा हंगाम महायुद्धामुळे आखूड करण्यात आला होता, न्यूयॉर्कमध्ये रविवारी सामने खेळवण्याची परवानगी नुकतीच मिळाली होती, युद्धोत्तर काळात साऱ्या लीगचीच प्रेक्षकसंख्या वाढत होती, आणि क्रमांक तोच असला तरी १९१९ मधील ८० विजयांच्या जागी १९२० मध्ये संघाने ९५ विजय मिळवले होते. वाढीतील मोठा वाटा रूथचा होता याविषयी शंका नाही, पण ‘सर्व’ आणि ‘मोठा’ यांत फरक आहे. संशोधनपर लेखनात तो नेमका याच ठिकाणी निसटतो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण फ्लोरिडा मार्लिन्स या संघाचे आहे. १९९७ मध्ये या संघाने जागतिक मालिका जिंकली आणि लगेच मालकाने खर्च कमी करण्यासाठी प्रमुख खेळाडू विकून टाकले. १९९८ मध्ये संघ १०८ सामने हरला आणि वर्षाची प्रेक्षकसंख्या सुमारे साडेतेवीस लाखांवरून साडेसतरा लाखांच्या आसपास आली. तरीही ही घसरण पराभवांच्या मानाने सौम्य वाटते. याचे कारण हंगामी तिकिटे आधीच विकली गेलेली असतात. त्यांची विक्री मागील वर्षीच्या कामगिरीवर आणि पुढील वर्षाच्या अपेक्षेवर अवलंबून असते. दारात येऊन ऐनवेळी तिकीट काढणारा प्रेक्षक तेवढा चालू महिन्याच्या निकालांकडे पाहतो. म्हणजेच कामगिरीचा परिणाम दोन वेगवेगळ्या गतींनी पोहोचतो. हा भेद कोल्हापूरच्या संदर्भात पुढे उपयोगी पडेल.

तिसरी बाब मैदानाच्या मर्यादेची आहे. डिसेंबर २०२३ मध्ये लॉस एंजेलिस डॉजर्स संघाने शोहेई ओहतानी याच्याशी दहा वर्षांसाठी ७० कोटी डॉलरचा करार केला. त्या संघाची प्रेक्षकसंख्या २०२३ मध्ये ३८ लाखांवर होती. २०२४ मध्ये ती ३९ लाखांवर गेली आणि २०२५ मध्ये ४० लाखांचा टप्पा ओलांडला. टक्केवारीत ही वाढ किरकोळ दिसते, कारण मैदान आधीच जवळपास भरत होते. अशा वेळी खेळाडूच्या आगमनाचा परिणाम तिकिटांच्या संख्येत शोधणे चुकीचे ठरते. तो तिकिटाच्या दरात आणि जाहिरातदारांच्या रांगेत दिसतो.

खासबाग : जोड हीच विक्रीची वस्तू

राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ च्या युरोप दौऱ्यात प्राचीन रोमन रंगमंडळ पाहिले आणि त्या धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे मैदान उभारण्याचा संकल्प केला. १९१२ मध्ये खासबाग मैदान सुरू झाले. मध्यभागी लाल मातीचा आखाडा आणि सभोवती चढत जाणारी बैठक अशी त्याची रचना असून, कोठेही बसले तरी लढत दिसावी हा त्यामागील हेतू होता. प्रेक्षकाचा इतका बारकाईने विचार करून बांधलेले मैदान त्या काळात देशात दुर्मीळच म्हणावे लागेल.

गावोगावच्या जत्रांतील कुस्त्या वर्गणीवर चालतात. तेथे इनाम गावकरी किंवा देणगीदार देतात आणि पाहणाऱ्याला पैसे पडत नाहीत. खासबागेतील तिकीट लावून होणाऱ्या मैदानाचे अर्थकारण निराळे. तेथे आयोजकाची सारी भिस्त पहिल्या क्रमांकाच्या जोडीवर असते. वस्ताद मंडळींच्या सल्ल्याने जोड ठरते, भिंतीवर पोस्टर लागते, आणि पोस्टरवरील दोन नावे वाचून प्रेक्षक जायचे की नाही ते ठरवतो. यातील एक नाव कितीही मोठे असले तरी दुसरे हलके असेल, तर जाणकार प्रेक्षक त्या मैदानाला ‘जोड लागली नाही’ असे म्हणून बाजूला सारतो. नील यांनी १९६४ मध्ये जो सिद्धांत लुईस आणि श्मेलिंग यांच्या नावाने मांडला, तो कोल्हापूरच्या तालमींत जोड या एका शब्दात त्यापूर्वीच सामावलेला होता.

बाहेरच्या मल्लाला आणण्याची प्रथाही या मैदानाला नवी नाही. मैदानाच्या प्रारंभीच गामा पहिलवानाचे बंधू इमामबक्ष यांच्या लढतीचा उल्लेख येतो. त्यानंतरच्या काळात पंजाबातील आणि फाळणीनंतर पाकिस्तानातील मल्ल येथे येत राहिले. सादिक पंजाबी यांचे नाव जुन्या कुस्तीशौकिनांच्या बोलण्यात आजही निघते. १९७० च्या दशकात दिल्लीच्या सतपाल यांच्याविरुद्ध कोल्हापूरचे युवराज पाटील उभे राहिले तेव्हा खासबागेत लोटलेल्या गर्दीची आठवण अशीच सांगितली जाते. या सर्व उदाहरणांत एक समान धागा आहे. बाहेरचा मल्ल येथे प्रतिस्पर्धी म्हणून येत असे. त्याची कीर्ती जितकी मोठी, तितके आपल्या मल्लाच्या विजयाचे मोल अधिक. प्रेक्षक पाहुण्याच्या नावावर तिकीट काढी, परंतु डोळे आपल्या माणसाकडे लावून बसे.

मल्लाच्या कामगिरीचा तिकिटावरील परिणामही येथे सरळ नाही. सलग विजय मिळवणाऱ्या मल्लाचा भाव वाढतो हे खरे. पण त्याच कारणाने तो भाव टिकवण्यासाठी तोलाची जोड टाळण्याचा मोहही वाढतो. बरोबरीत सोडवल्या जाणाऱ्या लांबलचक कुस्त्या हा प्रेक्षकांच्या रोषाचा जुना विषय आहे. निकाली कुस्तीचे आश्वासन पोस्टरवर छापावे लागते, यातच आयोजकाला प्रेक्षकाच्या अपेक्षेची असलेली जाण दिसून येते.

कामगिरीचे रूपांतर दारातील उत्पन्नात कसे होऊ शकते, याचे एक हृद्य उदाहरण महाविद्यालयीन प्राध्यापकांना विशेष जवळचे वाटेल. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव हे राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी. त्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून त्या पैशांची परतफेड केली, असे सांगितले जाते. शासन जे कर्ज वेळेवर देऊ शकले नाही, ते प्राचार्यांनी दिले आणि तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकाने फेडले.

शाहू स्टेडियम : पेठांचा फुटबॉल

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन ही संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. तिच्या वतीने होणारी शाहू लीग आणि त्यानंतर विविध मंडळांच्या वा संस्थांच्या वतीने होणाऱ्या चषक स्पर्धा असा येथील हंगाम असतो. हिवाळ्यात सुरू होणारा हा हंगाम पावसाळ्याच्या तोंडाशी संपतो. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही संघांची नावेच पुरेशी बोलकी आहेत. ज्या तालमींनी मल्ल घडवले त्याच तालमींच्या नावाने फुटबॉलचे संघ उभे राहिले. संघ हा येथे पेठेचा असतो. समर्थक संघ निवडत नाही, त्या संघात तो जन्माला येतो.

अमेरिकन बेसबॉलशी तुलना करताना दोन मूलभूत फरक ध्यानात घ्यावे लागतात. पहिला फरक मैदानाचा. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे स्वतःचे मैदान असते, दारातील उत्पन्नाचा मोठा वाटा यजमान संघाला मिळतो, आणि म्हणून चांगला खेळाडू घेण्यावर केलेला खर्च वसूल होण्याची शक्यता असते. कोल्हापुरात सर्व प्रमुख संघ एकाच मैदानावर खेळतात. येथे घरचा संघ आणि पाहुणा संघ असा भेदच नाही. तिकिटाचे उत्पन्न स्पर्धा भरवणाऱ्याच्या हाती येते; खेळाडू आणण्याचा खर्च मात्र त्या त्या मंडळाला देणगीदार, प्रायोजक आणि पेठेतील वर्गणी यांतून भागवावा लागतो. स्कली यांचे समीकरण येथे मध्येच तुटते. खेळाडूमुळे तिकिटे जास्त खपली तरी ज्याने त्याच्यासाठी पैसे मोजले त्याच्या खिशात ती वाढ परत येत नाही. तरीही मंडळे खेळाडू आणतात. याचे स्पष्टीकरण नफ्यात नसून प्रतिष्ठेत शोधावे लागते. अर्थशास्त्रात संघमालकांचे दोन प्रकार मानतात, नफा वाढवू पाहणारे आणि विजय वाढवू पाहणारे. कोल्हापूरची मंडळे निःसंशय दुसऱ्या प्रकारात मोडतात. चौकात लागणारा विजयाचा फलक हाच त्यांचा लाभांश होय.

दुसरा फरक तिकिटाच्या स्वरूपाचा. येथील प्रेक्षक मुख्यतः सामन्याच्या दिवशी दारात तिकीट काढतो. त्यामुळे बेसबॉलमधील दोन गतींपैकी जलद गतीच येथे प्रभावी ठरते. संघ लागोपाठ जिंकत असेल तर पुढच्या सामन्याला गर्दी वाढते, आणि स्पर्धेतून बाद झाला की त्या पेठेचा प्रेक्षक दुसऱ्या दिवशी येतच नाही. बाद पद्धतीच्या स्पर्धेत आयोजकाला वाटणारी धास्ती याच कारणाने असते. मोठा समर्थकवर्ग असलेला संघ पहिल्याच फेरीत टायब्रेकरवर हरला, तर उपांत्य आणि अंतिम सामन्याच्या उत्पन्नावर पाणी पडते. साखळी स्पर्धेत हा धोका कमी, परंतु तेथे शेवटच्या टप्प्यात निकालाला महत्त्व न उरलेले सामने ओस पडण्याचा दुसरा धोका संभवतो.

या दोन्ही फरकांचा परिणाम असा की, फुटबॉलमध्येही कोल्हापूरने खासबागेचाच नियम चालू ठेवला आहे. विकली जाते ती जोड. पाटाकडील आणि शिवाजी किंवा पाटाकडील आणि प्रॅक्टिस यांचा सामना जाहीर झाला की दोन्ही संघांच्या त्या वर्षीच्या गुणतक्त्याकडे कोणी फारसे पाहत नाही. परंपरागत चुरशीच्या अशा सामन्यांत कामगिरीचा प्रेक्षकसंख्येवरील परिणाम क्षीण होतो, तर मधल्या फळीतील संघांच्या बाबतीत तो ठळकपणे दिसतो. एखादा नवखा संघ मातब्बराला हरवतो, आणि पुढच्या सामन्याला एरवी न येणारे लोक केवळ कुतूहलाने येतात. शिकागो कब्ज या बेसबॉल संघाने १९०८ नंतर थेट २०१६ मध्ये विजेतेपद मिळवले. मधल्या काळातही त्याचा प्रेक्षक टिकून होता. निष्ठा पुरेशी खोल असली की पराभव तिकीट थांबवू शकत नाही. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत हे समजावून सांगण्याची गरज नाही.

बाहेरचा खेळाडू आणि स्थानिकांची जागा

हंगामापूर्वी होणारी खेळाडू नोंदणी हा कोल्हापूरच्या फुटबॉलमधील एक स्वतंत्र सोहळाच असतो. कोण कोणत्या संघातून कोणत्या संघात गेला, याची चर्चा वृत्तपत्रांच्या स्थानिक पानांवर आणि कट्ट्यांवर चालते. पूर्वी हे स्थलांतर पेठेपेठेपुरते मर्यादित होते. पुढे गोवा, मुंबई आदी ठिकाणचे खेळाडू येऊ लागले आणि त्यापाठोपाठ परदेशी, विशेषतः नायजेरियन खेळाडू येथील संघांत दिसू लागले. किती बाहेरचे खेळाडू घ्यावेत यासंबंधी नियम करण्याची वेळ संघटनेवर आली, यावरूनच या भरतीचे प्रमाण लक्षात येते.

या भरतीचा तिकीटविक्रीवर परिणाम झाला काय? सुरुवातीच्या काळात नावीन्याचा परिणाम झाला असे मानण्यास जागा आहे. उंचपुरा, वेगवान, चेंडू अंगावर घेऊन वळणारा परदेशी आघाडीपटू प्रत्यक्ष पाहण्याचे आकर्षण निश्चितच होते. परंतु नावीन्य ही लवकर आटणारी गोष्ट आहे. न्यूयॉर्क कॉसमॉस या फुटबॉल संघाने १९७५ मध्ये पेलेला करारबद्ध केले आणि ऑगस्ट १९७७ मध्ये त्याच्या एका सामन्याला ७७,६९१ प्रेक्षक जमले. पेले निवृत्त झाल्यानंतर काही वर्षांतच, १९८४ च्या हंगामानंतर, ती संपूर्ण लीगच बंद पडली. एका संघाचे पाहून इतरांनीही महागडे खेळाडू घेतले आणि उत्पन्न त्या प्रमाणात वाढले नाही, हे त्या पतनाच्या प्रमुख कारणांपैकी एक होते. प्रत्येक संघात परदेशी खेळाडू आला की कोणत्याच संघाकडे वेगळे दाखवण्यासारखे काही उरत नाही. खर्च तेवढा कायम राहतो.

शेर्विन रोझेन यांनी १९८१ मध्ये तारांकित व्यक्तींच्या अर्थशास्त्राची मांडणी करताना दाखवले की, गुणवत्तेतील थोडासा फरक उत्पन्नात प्रचंड फरक निर्माण करतो, कारण प्रक्षेपणाच्या साधनांमुळे सर्वोत्तम कलावंत वा खेळाडू एकाच वेळी लक्षावधी लोकांपर्यंत पोहोचू शकतो. याचा दुसरा अर्थ असा की, खरा तारा आता घरबसल्या दिसतो. २०२२ च्या विश्वचषकाच्या वेळी कोल्हापूरच्या गल्ल्यांत मेस्सी आणि नेमार यांचे फलक झळकले, अर्जेंटिना आणि ब्राझील अशा पेठा विभागल्या गेल्या. ज्या प्रेक्षकाने रात्री मेस्सी पाहिला आहे, तो दुपारी शाहू स्टेडियमवर दर्जा पाहण्यासाठी येत नाही. तो येतो ओळखीचा मुलगा पाहण्यासाठी. म्हणून मध्यम दर्जाच्या बाहेरील खेळाडूला केवळ खेळाच्या बळावर तिकीट खपवता येईल ही अपेक्षा मुळातच दुबळी ठरते.

येथेच खासबाग आणि शाहू स्टेडियम यांतील फरक महत्त्वाचा ठरतो. खासबागेत पंजाबचा मल्ल समोर उभा असे. फुटबॉलमध्ये तो आपल्याच संघाचा पोशाख घालतो. समोरचा पाहुणा स्थानिकाची किंमत वाढवतो, तर संघात आलेला पाहुणा स्थानिकाची जागा घेतो. आघाडीच्या दोन जागा बाहेरच्यांनी व्यापल्या तर पेठेतील अठरा-एकोणीस वर्षांच्या आघाडीपटूला राखीव बाकावर बसावे लागते, आणि पुढच्या हंगामात त्या मुलाचे मित्र, चुलते आणि शेजारी, म्हणजे संघाचे खात्रीचे तिकीट, हळूहळू कमी होते. ही घट पहिल्या वर्षी दिसत नाही. विजयामुळे वाढलेली गर्दी तिला झाकून टाकते.

अर्थात या युक्तिवादाला दुसरी बाजू आहे आणि ती हलकी नाही. बलवान बचावपटूसमोर सराव झाल्याने स्थानिक खेळाडूंचा दर्जा सुधारतो, असे अनेक प्रशिक्षक मानतात. शिवाय गुणी स्थानिक खेळाडू शहरात थांबतोच असे नाही. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा. त्याची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली आणि पुढे तो इंडियन सुपर लीगमध्ये खेळला. शहराला त्याचा अभिमान आहे. पण त्याच्या खेळाचे तिकीट कोल्हापूरच्या दारात विकले गेले नाही. स्थानिक गुणवत्तेवर संघ उभारायचा म्हटले तर ती गुणवत्ता तयार झाल्यावर बाहेर जाणार, हे गृहीत धरूनच हिशेब मांडावा लागतो.

तिकीट न काढण्याची कारणे

मागणीच्या अभ्यासात न आलेल्या प्रेक्षकाचाही विचार करावा लागतो. कोल्हापूरच्या फुटबॉलला समर्थकांच्या हुल्लडबाजीचे ग्रहण वेळोवेळी लागले आहे. दगडफेकीमुळे सामने थांबवण्याची वेळही आली आहे. विशेष म्हणजे हा धोका सर्वाधिक तिकीट खपवणाऱ्या जोडीच्या सामन्यातच सर्वाधिक असतो. चुरस जितकी जुनी, तितकी गर्दी मोठी आणि तितकाच बंदोबस्तही मोठा. स्त्रिया, लहान मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांचा स्टेडियमवरील वावर अशा एखाद्या प्रसंगानंतर कमी होतो, आणि ती उणीव संघाच्या कोणत्याही विजयाने लगेच भरून निघत नाही. यूट्यूबवरील थेट प्रक्षेपणाने या वर्गाला घरी बसून सामना पाहण्याची सोय करून दिली. ही सोय तिकिटाला मारक आहे की नव्या प्रेक्षकाला खेळाची गोडी लावणारी आहे, हा प्रश्न अमेरिकेत रेडिओच्या आगमनापासून वादग्रस्त राहिला आहे. तेथे काही बेसबॉल संघांनी १९३० च्या दशकात प्रक्षेपणावर बंदीही घातली होती आणि पुढे ती उठवली.

मापनाचा प्रश्न

वरील विवेचनातील बहुतेक विधाने पडताळून पाहता येण्याजोगी आहेत. त्यासाठी फार मोठ्या साधनसामग्रीची गरज नाही. तिकिटांच्या स्थळप्रती, स्पर्धेचा कार्यक्रम, नोंदणीची यादी आणि स्थानिक वृत्तपत्रांतील सामन्यांचे वृत्तांत एवढे साहित्य हाती असले की अर्थशास्त्र वा संख्याशास्त्र विभागातील विद्यार्थी एका वर्षाच्या प्रकल्पात पाच-सहा हंगामांचा अभ्यास करू शकतील. प्रत्येक सामन्यासाठी दोन्ही संघांचे मागील तीन निकाल, स्पर्धेची फेरी, वार, बाहेरच्या खेळाडूंची संख्या आणि संघांची परंपरागत चुरस या बाबी नोंदवाव्या लागतील. मार्चमधील परीक्षांचा काळ स्वतंत्र नोंदवणे इष्ट. अन्यथा विद्यार्थी न आल्याचा दोष संघाच्या माथी येईल. मार्च २०२० नंतरचा कोरोनाकाळ सरासरीतून वगळावा लागेल.

अडचणीही आहेत. एकाच दिवशी दोन सामने असतील तर प्रेक्षकाने तिकीट नेमके कोणत्या सामन्यासाठी काढले हे सांगता येत नाही. मानाच्या प्रवेशिका तिकिटांत धरायच्या की नाही, हे आधी ठरवावे लागेल. मोठ्या सामन्याला त्यांचीच मागणी सर्वाधिक असते. अंतिम सामन्याला स्टेडियम पूर्ण भरले तर किती लोक परत गेले याची नोंद कोठेच राहत नाही, आणि डॉजर्सच्या उदाहरणाप्रमाणे तेथे मागणीचे मोजमापच थांबते. याहून कठीण बाब म्हणजे कार्यकारणाची दिशा. ज्या मंडळाचा समर्थकवर्ग मोठा, त्यालाच मोठे देणगीदार मिळतात, आणि तेच मंडळ चांगले खेळाडू आणू शकते. अशा वेळी खेळाडूंमुळे गर्दी झाली असा निष्कर्ष आकडेवारीतून निघेल, परंतु प्रत्यक्षात गर्दीमुळे खेळाडू आलेले असतील. त्यावर उपाय एकच : ज्या हंगामात बाहेरच्या खेळाडूंच्या संख्येचा नियम सर्व संघांसाठी एकाच वेळी बदलला, त्याच्या आधीचे आणि नंतरचे वर्ष शेजारी ठेवून पाहणे. नियम संघटनेने केलेला असल्याने तो कोणत्याही एका मंडळाच्या श्रीमंतीवर अवलंबून नसतो. असे एक वर्ष निवडून त्याच्या दोन्ही बाजूंच्या तिकिटांच्या स्थळप्रती मोजण्यास सुरुवात करता येईल. फक्त त्या स्थळप्रती हंगाम संपल्यावर रद्दीत जाण्यापूर्वी मागून घ्याव्या लागतील.